पेनिफोल्डांच्या काचघरातून जाणारी वाट

प्रिय डॉर्कसताई,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि क्लेमंटभावजींना नमस्कार. (क्रमाबद्दल भावजींनी राग मानू नये, गुडघ्यांशी माझी ओळख त्यांच्या आधीची आहे.) समुद्राची हवा मानवते ना? मांजराचा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे, एक घोटा सोडला तर. त्या घोट्याची हकीकत पुढे येईलच, आधी बातमी. ताई, आपण जिंकलो! म्हणजे जवळजवळ जिंकलोच. चहा ओतून घे आणि निवांत बस, कारण हे मला थोडक्यात सांगता येणार नाही (तुझ्या मते मला काहीच थोडक्यात सांगता येत नाही, पण आज तरी तक्रार करू नकोस).

हॅझलकोमची जंगलवाट तू विसरली नसशील. चर्चच्या मागून कुरणात, कुरणाच्या टोकाला अर्धगोल कठड्यातलं, एका वेळी एकालाच सोडणारं पाप्याचं फाटक (पापी माणसाचं नव्हे, पापा घेण्याचं), पुढे पेनिफोल्डांची बाग, मग ओढ्यावरची फळी आणि पलीकडे बीचचं जंगल. सध्या झाडांखाली निळ्या घंटाफुलांनी इतकी गर्दी केली आहे की पाऊल कुठे टाकावं हा प्रश्न पडतो, आणि रानलसणीचा वास थेट कपड्यांत शिरून घरी येतो. चढ नाही, उतार नाही. आमची मंगळवारची म्हातारी मंडळी गप्पा मारत जाते आणि गप्पा न संपवताच परत येते. अशा या वाटेवर म्हाताऱ्या ऑगस्टाबाई पेनिफोल्डचा मुलगा रुपर्ट याने लंडनहून परत येऊन काचघर बांधलं. वाटेच्या बाजूला नव्हे, वाटेवर! आणि वर कौन्सिलकडे अर्ज केला की ही वाट कायमची बंद करावी, कारण एक तर तिच्यावरून कोणी चालत नाही आणि दुसरं म्हणजे ती वयस्कर लोकांना झेपणारी नाही. लोकांनी म्हणे खालच्या डांबरी रस्त्याने जावं. त्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक कसे सुटतात ते तुला ठाऊक आहे. पर्सी गॉडबी आता काठी घेऊन चालतो. बायको मेबल गेल्यापासून आठवड्यात तो एकदाच घराबाहेर पडतो, तो या जंगलात कोकिळा ऐकायला. वाट गेली की पर्सी खुर्चीत बसला म्हणून समज, आणि त्या खुर्चीतून तो पुन्हा उठणार नाही.

ताई, जगात जिथे जिथे माणसाचं स्वातंत्र्य गेलं, तिथे आधी त्याची पायवाट गेली. राजे, जमीनदार, सरदार, सगळ्यांनी सुरुवात कुंपणापासून केली. ग्रीसमधले तत्त्वज्ञ चालता चालता शिकवायचे. त्यांच्या वाटेत कोणी काचघर बांधलं असतं तर आज विचार नावाची वस्तूच शिल्लक राहिली नसती! (हे मी मंगळवारी चर्चच्या आवारात बाकावर उभी राहून म्हटलं. पर्सी म्हणाला, "हेप्सी, आवर. फुलं सुकतील.")

झालं होतं असं की कौन्सिलने टर्व्हिल नावाचा एक तरुण अधिकारी पाठवला होता. तो आमच्याबरोबर चालणार, आणि म्हातारी माणसं ही वाट सहज चालतात असं त्याला दिसलं तर वाट राहणार, नाही तर जाणार. बिचारा पाठीवर एवढी मोठी पिशवी घेऊन आला होता की वाटावं, वाटेत दोन रात्री मुक्काम आहे. कुरण छान पार पडलं. पण फाटकाशी आलो आणि आपल्या खोऱ्याचा जुना रोग उफाळला. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." दोन्ही बाजूंना सभ्यतेचा नुसता ढीग साचला आणि पुढे कोणी सरकेना. शेवटी टर्व्हिलला पुढे ढकलला, तर तो पिशवीसकट त्या अर्धगोल कठड्यात अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी तेवढ्यात कुंपणांच्या इतिहासावर चार शब्द बोलून घेतले (श्रोता हलू शकत नाही अशी संधी वक्त्याला वारंवार मिळत नाही). पर्सीने काठीने पिशवीचा पट्टा सोडवला आणि ओरडला, "साहेब, फुकट नाही हो! मागच्याला पापा दिल्याशिवाय या फाटकातून सुटका नाही, जुना नियम आहे!" टर्व्हिल बीटासारखा लाल झाला. मागचा म्हणजे पर्सीच होता.

आता मुख्य प्रसंग. पायवाटेच्या खांबावरचा पिवळा बाण सरळ काचघराच्या दाराकडे बोट दाखवतो. दारात रुपर्ट उभा. म्हणाला, "बाई, घराला वळसा घालून जा ना. काय बिघडतं?" काय बिघडतं! आज घराला वळसा, उद्या बागेला, परवा डांबरी रस्ता! मी म्हटलं, वाट सरळ आहे, मीही सरळ जाणार. आणि आम्ही आत शिरलो. (आधी दारात बूट काढले. बंड आपल्या जागी, पण दुसऱ्याच्या फरशीवर चिखल न्यायचा म्हणजे काय? पर्सीच्या मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर आला होता आणि तोही सोहळ्यात सामील झाला.) नेच्यांच्या कुंड्यांमधून, वेताच्या खुर्च्यांमधून आमची मिरवणूक मोज्यांवर निघाली. रुपर्ट पोलिसांना बोलावण्याची भाषा करू लागला, इतक्यात त्याची आई ऑगस्टाबाई आतून आली. म्हणाली, "रुपर्ट, माणसं दारात आलीयत आणि तू कोकलतोस काय? किटली ठेव."

आणि इथे, ताई, माझी फौज कोसळली. किटलीचं नाव काढताच सगळे बसले! जिऱ्याचा केक आला. टर्व्हिलही बसला. मी एकटी ओरडत राहिले, की अरे, हक्काने चालणारा माणूस वाटसरू असतो, चहा घेतलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याला हक्क नसतो! एक घोट घेतलात की वाट गेली! पर्सी म्हणाला, "मी दुसरा कप घेतलाय, आता काय करू?" मी उत्तर द्यायला आवेशाने मागे वळले, आणि गुळगुळीत फरशीवर लोकरी मोजे जे करतात ते त्यांनी केलं. घोट्यातून कडकन आवाज आला.

रुपर्टने टाळीच वाजवली. "बघा साहेब! म्हणे सोपी वाट! पुढारीच आडवी झाली!" टर्व्हिलने खिशातून पेन काढलं. पर्सीने कप खाली ठेवला आणि खिडकीतून जंगलाकडे असं पाहिलं की मला माझा घोटा आठवेनासा झाला.

बोलली ती ऑगस्टाबाई. "ती वाटेवर पडली नाही, माझ्या फरशीवर पडली. फरशी तू बसवलीस. आणि कोणी चालत नाही म्हणतोस? तुझ्या बापाने मला त्याच फाटकात अडवलं होतं. तो तेव्हा डांबरी रस्त्याने गेला असता तर आज इथे अर्ज करायला कोण असतं रे?"

टर्व्हिलने पेन परत खिशात घातलं, ताई! म्हणाला, काचघराचं दार लोकांसाठी उघडं राहील, वाट राहील, फक्त एक अट आहे. ती खाली सांगते.

मला मात्र हलवू नका असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मला इथेच वेताच्या कोचावर टाकलं आहे. बाणाची रेघ पाहिली तर मी नेमकी वाटेवर आहे. रुपर्टला बागेत जायचं तर मला ओलांडून जावं लागतं. चहाही घेते, पण आभार न मानता, म्हणजे हक्क शाबूत राहतो. दार उघडं आहे, आणि काल पर्सी जंगलातून परत येताना मला सांगून गेला की कोकिळा दोनदा ओरडली.

तुझी (आडवी, पण नमलेली नाही),
हेप्झिबा

ता. क. अट अशी. ऑगस्टाबाई घरची, म्हणून तिची एकटीची साक्ष पुरत नाही. त्या काळी ही वाट चालणारं बाहेरचं कोणीतरी गावच्या सभागृहात उभं राहून बोललं पाहिजे. पर्सी तयार आहे, पण तो म्हणतो, फाटकात तो एकटा नव्हता. तेव्हा ताई, तू ये. फक्त एवढंच सांगायचं की तुझ्या लग्नाच्या आदल्या मे महिन्यात तुला त्या फाटकात कोणी अडवलं होतं. जरा मोठ्याने सांग, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही.

आणखी एक. हे पत्र तू भावजींना मोठ्याने वाचून दाखवत असशील, तर ता. क. च्या आधी थांब.

आणि शेवटचं. पर्सीने नवे मोजे घेतले आहेत. तो म्हणतो, बसथांब्यावर नको, मी फाटकाशी थांबतो. मी बजावलं की क्लेमंटभावजीही बरोबर असतील. तर म्हणाला, "असू देत की. त्या फाटकातून एका वेळी एकच माणूस जातो."