बिबट्याचं औषध माझ्या हाताला

प्रिय महेबूबभाई,

सलाम. जैतुनभाभींचे गुडघे कसे आहेत? मनमाडच्या पाण्याबद्दल विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे (येत नाही). अल्तमशला रेल्वेत नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. माझी तब्येत उत्तम, अगदी ठणठणीत. सांगण्यासारखं तसं काहीच नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

झालं असं, की संध्या गेल्यापासून मला सकाळी उठावंसंच वाटेना. रडूबिडू येत नव्हतं. नुसता पलंगावर पडून पंख्याकडे बघायचो. दाढी इतकी वाढली, की आमच्या वॉचमनने एकदा मलाच विचारलं, कोणाकडे जायचंय? तेजस्विनी टोरांटोहून रोज फोन करून जेवलात का विचारायची आणि मी जेवलो म्हणायचो (कधीकधी ते खरंही असायचं). शेवटी लेकीनेच तिकडे बसून कॉलेज रोडवरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर निकिता. वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी आधी एक गोळी दिली, मग दुसरी दिली. तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हा म्हणाल्या, "काका, केटामीन देऊन बघू या."

महेबूबभाई, मी खो खो हसलो. संध्या गेल्यावर पहिल्यांदा. हसू थांबेना, तेव्हा बाईंना वाटलं आजार वाढला. मग मी खुलासा केला, की मी जनावरांचा डॉक्टर, आणि निफाडच्या उसातून आम्ही जेवढे बिबटे बाहेर काढले त्या सगळ्यांना याच औषधाने झोपवलंय. बाई शांतपणे म्हणाल्या, "डोस तेवढा नसतो, काका. आणि नंतर बोलायचं असतं. तुम्ही बिबट्यांशी बोलायचात का?"

"मी नाही," मी म्हणालो, "आमचे महेबूबभाई बोलायचे. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसून, तो शुद्धीवर येईपर्यंत."

एकच अट होती, सोबत माणूस हवं. नंतर भोवळ येते, एकट्याला घरी सोडत नाहीत. पहिल्या वेळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावळीराम पगार आले. मंद दिवा, आडवं होता येईल अशी खुर्ची, दंडाला बीपीचा पट्टा, हाताला सलाईन, डोळ्यांवर पट्टी. थोड्या वेळाने मी म्हणे सिस्टरना हुकूम सोडू लागलो. डोळे उघडे राहतात, थेंब घाला. कानाला काडी लावून बघा, हलला तर जवळ जाऊ नका. (सिस्टर म्हणाल्या, "काका, हलला.") हे सावळीरामांनी दाराबाहेरून ऐकलं, मला सांगितलं, आणि मग सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. आता लिफ्टमध्ये लोक माझ्या कानाकडे बघतात.

मला काय दिसलं, विचाराल. फार मोठं काही नाही. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं, आणि स्वयंपाकघरात संध्या भांडी आपटत होती. रागावलेली! गेलेल्या माणसाचं चांगलंच आठवायचं, असा मी नियम करून बसलो होतो. त्यात रागावलेली संध्या घरातून पार गेलीच होती. नंतर बाईंनी विचारलं, कशावर रागावल्या होत्या? मी म्हणालो, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. एवढंच बोललो आणि जो हुंदका फुटला, तो सावळीरामांना बाहेर ऐकू गेला.

त्यानंतर काही दिवसांनी मी दूधवाल्याशी भांडलो. तो कधीपासून पाणी घालत होता कोण जाणे, मला चव त्या दिवशी कळली. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर इतक्या खूश झाल्या, की जणू मी शर्यत जिंकलो!

दुसऱ्या वेळी सावळीराम लासलगावला लग्नाला गेले होते. मी ज्याच्या रिक्षाने गेलो त्या मयूरलाच भाचा म्हणून बसवलं. पोरगा चांगला, पण त्र्यंबकचं भाडं आलं आणि भाचा पळाला. सिस्टर सलाईन लावायला आल्या तर बाहेर रिकामी खुर्ची. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "काका, आपलं माणूस आणा, मग देऊ." मी बसने परत आलो. पहिल्या वेळचा गुण आता उतरत चाललाय. परवा सबंध दुपार पंख्याखाली गेली.

पण तुम्ही काळजी करू नका. एवढं मोठं नाशिक, माणसांना काय तोटा! कोणीतरी मिळेलच. भाभींना नमस्कार, अल्तमशला आशीर्वाद.

तुमचा,
धनराज

ता. क. सावळीराम मिळणार नाहीत. कानाचं प्रकरण त्यांनी लासलगावच्या लग्नातही सांगितलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

दुसरा ता. क. गुरुवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने याल का? करायचं काही नाही. नुसतं बाजूला बसायचं आणि मला घरी आणून सोडायचं. राहिलात तर उत्तमच. पलंग दोन आहेत.

तिसरा ता. क. बाईंनी फोनवर सोबतच्या माणसाचं नाव आणि नातं विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, आणि नातं थोरले भाऊ. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, बरं. तेव्हा इतकी वर्षं म्हणत आलात तसं तिथे साहेब म्हणू नका. धन्या म्हणा. अरे-तुरे करा. जमेल ना?