पापडांच्या दिवसांतली राणी

परळ, ९ एप्रिल १९५६

ति. अच्युतदादास,
नलूचा शि. सा. न. वि. वि.

शुद्धलेखन चुकलं तर हसू नकोस. सातवीतच शाळा सुटली, आणि टायपिंगच्या क्लासातल्या ह्या मशीनवर एक अक्षर शोधेपर्यंत पुढचं विसरते.

सत्याग्रहात तुला पकडून नेलं, तेव्हा गच्चीवरची मधमाश्यांची पेटी सांभाळ म्हणालास. सांभाळते रे, पण म्हातारी राणी मेली. माश्या रडल्यासारख्या घूं घूं करत होत्या. मग त्यांनी पोळ्याच्या कडेला शेंगेएवढं घर लोंबतं बांधलं, आणि काल त्यातून नवी राणी निघाली! कोणी शिकवलं त्यांना? पण ती अंडी घालत नाही. बाबा म्हणतात, पोळं मेलं की पेटी फोडून चुलीत. काय करू ते लवकर कळव.

तुझी धाकटी,
नलू

जेल, १४ एप्रिल

चि. नलूस,
अ. उ. आ.

काहीच करू नकोस. ती अजून कुमारी आहे. एखाद्या दुपारी उडेल, नरांना भेटून परत येईल, मग अंडी घालेल. पण ती जागा ओळखते, पेटी नाही. पेटी तसूभरही हलवू नकोस, नाहीतर ती घर शोधत मरेल. इथं पत्रं वाचून मग सोडतात, हे वेळेत पोचलं म्हणजे झालं.

माझी सायकल पुसतेस ना? माया पेटीवर ठेव, उरली तर माझ्यावर.

दादा

परळ, १८ एप्रिल

ति. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र काल आलं. घात परवाच झाला. मी क्लासला गेले, आणि शेजारच्या, गिरणीत जाणाऱ्या कमळाबाईंनी पापड वाळत घालायला पेटी टाकीमागे सरकवली. येऊन बघते तर जुन्या जागी माश्यांचा मुठीएवढा गोळा, रिकाम्या फरशीला धरून बसलेला. पेटी परत ठेवली, त्या आत गेल्या. राणी आलीच नाही. आता नवी करायला एक अंडंही नाही.

मला कमळाबाईंना काही बोलवलं नाही. त्यांना तर गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादमसुद्धा टरकतात. पण तुझं पत्र वाचून दाखवलं तर त्याच कपाळाला हात लावून म्हणाल्या, की माणसाचं घर हलवलं तर ते चार जणांना विचारील, माशीनं कोणाला विचारावं?

बाबांनी हातोडी बाहेर काढून ठेवली आहे. तूच सांग.

नलू

जेल, २२ एप्रिल

चि. नलूस,
अ. उ. आ.

गिरगावात माझ्या मित्राकडे, मनमोहनकडे, अशीच पेटी आहे. ताजी अंडी असलेली पोळ्याची एक चौकट माग. ओल्या फडक्यात गुंडाळ, ऊन लागू देऊ नकोस. माश्या त्यातून निघालेल्या एखाद्या अळीला खास खाणं भरवून राणी करतील. माझ्या सायकलवर नको, दणके बसतात. ट्रामने जा. आणि लाजून मनमोहनच्या दारातून परत फिरू नकोस.

दादा

परळ, २२ मे

ति. दादास,
शि. सा. न.

मी दारातून परतच फिरले होते. पण कमळाबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी मला मागे खेचलं आणि मनमोहनदादांना म्हणाल्या, की पोर मुकी नाही, जरा वेळ लागतो. मग मीच मागितली चौकट. ट्राममध्ये कंडक्टरनं विचारलं मांडीवर काय आहे, तर त्या म्हणाल्या, तान्हं बाळ आहे, अजून डोळे उघडले नाहीत, धक्का लागला तर तुझी खैर नाही. त्यानं लोकांना बाजूला उभं केलं!

माश्यांनी पुन्हा शेंग बांधली, राणी निघाली. तेव्हापासून चाळीतले सगळे पापड कमळाबाईंच्या खाटेवर, आणि गिरणीची पाळी नसली की त्या स्वतः गच्चीच्या दारात छत्री घेऊन. वर कोणाला म्हणून सोडलं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही. एका दुपारी राणी राणीच्या बागेकडे गेली. आम्ही दोघी श्वास धरून बसलो. आली रे! सरळ दारात उतरली.

आज चौकट उन्हाकडे धरली. खणाखणात एकेक अंडं, सुईनं टोचून उभं केल्यासारखं. कमळाबाईंनी बघितलं, नाक पुसलं आणि म्हणाल्या, की आमच्या गिरणीच्या खात्यातसुद्धा एवढं सरळ सूत निघत नाही. हातोडी बाबांनी स्वतःच आत ठेवली.

मशीन सोडायची वेळ झाली. तुझी सायकल चोरीला गेली. घंटी तेवढी सैल होऊन आधीच पडली होती, ती मी जपून ठेवली आहे.

नलू