गबाळ्या स्वयंपाकघरासाठी मदत हवी

हॉलीवूड, ८ मार्च १९३८

ती. अ‍ॅडलेडताईस,

धाकट्या ऑरिनचा नमस्कार. नेब्रास्काच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

तुला वाटतं, मी सिनेमात म्हणजे नट्यांच्या गराड्यात. अगं, सेट सजवणाऱ्याच्या नशिबी नट्या नसतात, त्यांच्या खुर्च्या असतात. एकोणीस वर्षं राजवाडे मांडले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. यंदा मनासारखं काम मिळालं: गरीब विधवेचं स्वयंपाकघर. तीन दिवस खपून पसारा केला. करपलेलं पातेलं, अर्धवट सोललेले बटाटे, आणि चहात बुडवून पिवळट केलेला टेबलक्लॉथ (पांढराशुभ्र कॅमेऱ्यापुढे नुसता चकाकतो, चहात बुडवलेलाच पडद्यावर पांढरा दिसतो). अर्धा प्रसंग चित्रित झाला. उरलेला दुपारी, म्हणून दोरी बांधून ‘हात लावू नये’ अशी पाटी टांगली आणि जेवायला गेलो.

परत येतो तर नायिकेच्या मातोश्री, मिसेस क्विगली, बाह्या सरसावून उभ्या! भांडी लख्ख. बटाटे उकडलेले (दिवेवाल्यांनी खाल्लेही, वर लोणी मागितलं). टेबलक्लॉथ पांढराफेक धुऊन माझ्याच दोरीवर वाळत.

“पाटी वाचली नाहीत?” मी विचारलं.

“वाचली की! पाटी लिहायला वेळ होता, भांडी घासायला नव्हता होय रे? माझी पोर असल्या उकिरड्यात उभी राहायची नाही!”

दिग्दर्शक कडाडले, “बाई घाणेरड्या घरात शिरते आणि शेगडीपाशी पोचेस्तोवर घर आरशासारखं? सोमवारपर्यंत होता तस्सा पसारा हवा, नाहीतर तू घरी बस.”

मातोश्रींवर आवाज चढवायची स्टुडिओत कुणाची छाती नाही, म्हणून सगळे माझ्यावर ओरडतात. सकाळी चित्रीकरणाच्या वेळी काढलेल्या फोटोत टेबलाकडची बाजू आहे, ओट्याची नाही. चार वेळा मांडून पाहिली. पसारा मांडता येत नाही, ताई, तो व्हावा लागतो. वैतागलोय नुसता.

तुझा,
ऑरिन

ता. क. रागावू नकोस. ते स्वयंपाकघर तुझं आहे. नाताळात आलो तेव्हा गुपचूप कागदावर उतरवून आणलं होतं. तो कागद मातोश्रींनी सालींबरोबर फेकला. ओट्यावर आत्ता काय काय, कसं पडलंय, ते डावीकडून उजवीकडे तारेने कळव.

पुन्हा ता. क. दिग्दर्शकांनी आधीच विचारलं होतं, “इतकी गबाळी बाई असते का कुठे?” मी म्हटलं, असते, आणि तिच्या हातचं खाऊन आम्ही चार पोरकी भावंडं वाढलो. त्यांनी पसारा होता तसाच ठेवायला सांगितलं. तेव्हा मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण तार करेपर्यंत भांडी घासू नकोस.