मालकांच्या रम्य वनात एकच उणीव

ती. हर्मियासदादास, वोल्टुर्नस नदीकाठच्या मळ्यावरून धाकट्या स्टाफिलसचा दंडवत. वहिनींची कंबर कशी आहे? कापुआतलं तुझं लोकरी टोप्यांचं दुकान जोरात असेलच, कारण गुलामगिरीतून सुटणाऱ्या प्रत्येकाला डोक्यावर टोपी लागते आणि सुटायची हौस कोणाला नाही? (मला विचारू नकोस. कारभाऱ्याला हौस परवडत नाही.) इकडे सगळे आहेत तसे आहेत, जे आहेत ते.

मालक पेडियस वसंतात ग्रीसहून परतले ते एक चितारी सोबत घेऊनच. त्याने जेवणघराच्या भिंतीवर ओढा, चिनार, गुहा, शेळ्या आणि पावा वाजवणारा गुराखी असं सगळं काढलं. मालकांनी भिंत डोळे भरून पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिलं, तर तिथे आपलं वालाचं शेत. झालं! वाल उपटले, पाट फोडला, पाणी खालच्या खोलगटात सोडलं. मी म्हटलं, मालक, इथे पाणी वाहत नाही, साचतं. ते म्हणाले, "स्टाफिलस, तुला सौंदर्याची दृष्टी नाही." खरंच नाही. मला तण दिसतं. नव्या चिनारांच्या मुळांशी रोज संध्याकाळी द्राक्षाची दारू ओततात (मोठ्या घरची रीत आहे म्हणे) आणि आम्हाला शिरक्याचं पाणी. डामा गुराख्याला पाहुण्यांपुढे गायला सांगितलं. त्याला दोनच गाणी येतात, त्यातलं एक बायकांपुढे म्हणता येत नाही आणि दुसरं शेळ्यांपुढेसुद्धा नाही.

गुहेत जलदेवी हवी होती. मळ्यावर त्या वयाची एकच मुलगी, आमची थालुसा. चौदा वर्षांची पोर झिरझिरीत ओलं वस्त्र नेसून, पाय पाण्यात सोडून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसायची आणि पाहुणे समोर बसून कविता म्हणायचे. (कविता लांब असतात, दादा.) उन्हाळा चढला, पाण्याला वास सुटला, डास आले आणि मागोमाग एक दिवसाआडचा हिवताप. वाल निवडणारी म्हातारी गेली, मग डामाची बायको गेली. मग थालुसा पडली. मी मालकांचे पाय धरले, म्हटलं, पोरीला डोंगरावरच्या गोठ्यात पाठवू द्या, तिथली हवा कोरडी आहे. मालक स्वतः तिच्या खाटेशी येऊन बसले आणि रडले. माणूस वाईट नाही, रडतो मनापासून. डोळे पुसून म्हणाले, "चित्रात ओढ्याकाठी एक थडगंही आहे रे. आपल्याकडे तेवढंच राहिलंय."

दुसऱ्या दिवशी पाथरवट आला. आता ओढ्याकाठी पांढरा दगड उभा आहे: "येथे जलकन्या थालुसा निजली आहे. वाटसरू, क्षणभर थांब." ताप नसतो त्या दिवशी ती तिथवर चालत जाते. तिला वाचता येत नाही. काय लिहिलंय म्हणून विचारलंन, तर मी सांगितलं, इथे शेळ्या बांधू नयेत असं लिहिलंय. ती म्हणाली, बरं झालं, शेळ्या सगळी फुलं खातात.

बाकी ठीक. घरच्या देवांना माझ्या नावाने चिमूटभर मीठ वाहा.
तुझा, स्टाफिलस

ता. क. तुझ्या अंगणात तो बोकडाच्या पायांचा दगडी देव आहे ना, ज्याला तू गाढव बांधतोस? गेल्या साली टोप्या घ्यायला आले तेव्हा मालकांनी तो पाहिला होता, अजून उसासे टाकतात. त्याच्या बदल्यात थालुसाला तुझ्या हाती द्यायला मी त्यांना राजी केलं आहे. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. देव गाडीत घालून आण आणि परत जाताना तिला ने. त्याचं फुटकं नाक जोडू नकोस, शेवाळ खरवडू नकोस. नव्यासारखा दिसला तर सौदा मोडेल.

ता. क. आणखी एक. कोरलेला दगड फुकट जाईल म्हणून मालक अडून बसले होते. मी म्हटलं, माझं नाव घाला. ते म्हणाले, कारभाऱ्याच्या थडग्यात काव्य नसतं. तेव्हा आता दगडावर मी गुराखी आहे आणि सुरेख गातो. पाथरवटाने आजच तिचं नाव खरवडून काढलं.

ता. क. गाडी सम तारखेला आण. विषम तारखेला मला ताप असतो, आणि तिला गाडीत चढवताना मला उभं राहायचं आहे.