डब्यातल्या सुट्या गोळ्या

आई, लांबूनच पाया पडते.

मी आता बरी आहे, डोळ्यांचा पिवळेपणाही उतरलाय. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री करून कंबर धरायची, म्हणून पॅरासिटामॉल घेत होते. वर सर्दीच्या गोळ्या. त्यांतही तेच औषध निघालं, आणि ते जास्त झाल्यानं यकृताला सूज आली! डॉक्टर रागावले. म्हणाले, सगळं धरून दिवसरात्रीत पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर एकही नाही आणि दोन वेळांमध्ये किमान चार तास हवेत. आणि आई, तुझ्यासारख्या काटकुळ्या माणसाला तर त्याहून कमी.

तू पाकिटं फाडून सगळ्या गोळ्या एकाच डब्यात टाकतेस ना? मीही तुझीच लेक, तसंच करायचे. पत्र मिळताच तो डबा औषधवाल्याला दाखव, बाबांना सोबत ने.

गुडघ्यांसाठी दिवसाला किती घेतेस? नीट आठवून कळव. डॉक्टरांनी मला हेच विचारलं, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं.

तुझी धाकटी