कांदा मार्केटात न वाचलेले पान

आदरणीय बाई,

आपल्या हयातीत मी आपल्याला दोन ओळींची चिठ्ठीही कधी लिहिली नाही. वर्गात शंका विचारायची झाली, तरी शेजारच्या मुलीला विचारायला लावत असे. आज आपण नसताना एवढे लांब पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. पण काल वाशीच्या हॉटेलात आपल्या उपक्रमाचा समारोप झाला आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ही किळस सांगायची तर आपल्यावाचून कोणाला?

आपल्या तसबिरीला चंदनाचा हार होता. सूत्रसंचालकाने सर्वांना उभे केले, दोन मिनिटे शांतता पाळण्याची विनंती केली आणि मिनिटभरातच "धन्यवाद, बसावे" असे म्हटले. मागे जेवणाच्या टेबलांवर झाकणे वाजू लागली होती. शोकसुद्धा गरम गरम वाढायचा असतो, हे मला काल कळले.

बाई, आपण हा उपक्रम सुरू केला तेव्हा त्यात हॉटेल कुठे होते? तिकडचे परदेशी विद्यापीठ आणि त्यांचे बंदराचे शहर, इकडचे आपले विद्यापीठ आणि हे नवे शहर. तिकडच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बाजारात हिंडायचे, आपल्या मुलांनी त्यांच्या बाजारात. आणि नियम एकच: ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते त्यांच्या भाषेत आधी वाचून दाखवायचे, त्यांनी मान डोलावल्याखेरीज अहवाल पुढे जाणार नाही. तिकडे मासळीच्या लिलावघरात एका विक्रेतीने अख्खे पान खोडायला लावले, ही हकीकत आपण किती आनंदाने सांगत होता!

इकडचे पहिले वाचन मला आठवते. गाळे रिकामे झाले होते, कांदा निवडणाऱ्या बायका बारदानावर बसल्या होत्या. आपण 'श्रमिक महिला' असे वाचताच साताऱ्याकडच्या शेवंताबाई हसल्या. "ह्या कोन वो? आमी तर कांदं निवडतो. तसंच लिवा की." आपण तिथल्या तिथे पेन काढून तसेच लिहिले. परदेशी मुलीने विचारले, काय झाले? आपण म्हणालात, "परीक्षक बोलल्या."

आपण गेलात आणि विभाग सरांकडे आला.

पंधरवड्यापूर्वी तिकडच्या विद्यापीठाचे पाहुणे आले. अंतिम अहवालाचे वाचन म्हणून सरांनी आम्हांला मार्केटात नेले. नाकाला रुमाल लावूनच ते गाडीतून उतरले. बायकांना पोत्यांवर दाटीने बसवले, पाहुण्यांना मागे उभे केले आणि माझ्या हातात कागद दिले. मी घसा साफ केला. पहिले वाक्य अर्धे झाले असेल, तोच छायाचित्रकाराने हात वर केला.

"आला, फोटो मस्त आला," सर म्हणाले. "चला, सगळे गाडीत."

"आन् वाचनार कवा?" शेवंताबाईंनी विचारले. "आमच्या संडासाचं लिवलंय का न्हाई त्यात? बाई बोलल्या हुत्या, शेवटच्या पानावर हाय म्हनून."

पाहुण्यांनी सरांना विचारले, त्या काय म्हणतात? सर हसून इंग्रजीत म्हणाले, "आपण आलात याचा त्यांना फार आनंद झाला आहे." पाहुण्यांनी हात जोडले. शेवंताबाईही गोंधळून हात जोडत्या झाल्या. ते जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

काल त्या अहवालाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर तेच छायाचित्र. आत 'लोकांपुढे वाचन करून संमती घेतली' असे ठळक अक्षरांत. शेवटचे पान मात्र नाही. एवढ्या मोठ्या बाजारात बायकांसाठी एकही संडास नाही, त्यांना उभ्या ट्रकांच्या आडोशाला जावे लागते, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आपण आजारपणात उशीला टेकून लिहिलेले पान. मी सरांना विचारले. हो बाई, मी विचारले.

"अगं, आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आहे हा," ते म्हणाले. "पाहुण्यांपुढे संडास कुठे काढतेस? आणि हे बघ, जूनमध्ये तिकडे सहा महिन्यांसाठी तुझं नाव पाठवतोय. आभाराच्या भाषणात फक्त एवढं म्हण, की वाचन मी स्वतः केलं. फोटोत तूच आहेस ना?"

तिकडचे ते ग्रंथालय, ज्याविषयी आपण मला तासन्‌तास सांगितले, तिथे जाण्याचे स्वप्न मी आपल्या वर्गात आल्यापासून पाहते आहे. हे सरांना ठाऊक होते.

मी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिले. खोटे बोलवेना आणि खरे बोलण्याइतका आवाज फुटेना. "बाईंचे आभार," एवढेच म्हणून खाली बसले. बाई, त्यांनी टाळ्या वाजवल्या! मला गहिवरून आले असे त्यांना वाटले. "लाजाळू आहे, पण गुणी," सर पाहुण्यांना म्हणाले. मला ओकारी आली असती तर तीही त्यांनी गहिवरातच जमा केली असती.

थोडे आपल्यावरही रागावू का? प्रत्येक वेळी आपणच वाचत राहिलात. आपला आवाज खणखणीत होता, मान्य. पण मला एकदा, निदान अर्धे पान वाचायला, का उभे केले नाहीत?

हे पत्र आपल्या नावाने, विभागाच्या पत्त्यावर पाठवते आहे. आपल्या नावाचे टपाल आता सर उघडतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच शब्द जपून लिहिले आणि दोनदा तपासले. जूनच्या यादीतून माझे नाव काढायला त्यांना माझे वेगळे पत्र लागणार नाही.

शेवंताबाईंना मी आज सकाळी निरोप दिला आहे. येत्या शनिवारी दुपारी, गाळे रिकामे झाले की मी वाचणार आहे. माझ्याकडे राहिलेल्या, आपल्या हस्ताक्षरातल्या प्रतीतून, शेवटच्या पानासकट. आवाज कापला तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन. त्यांनी मान डोलावली, की तेच पान मराठीत आणि इंग्रजीत, पाहुण्यांच्या विद्यापीठाला आणि इथल्या बाजार समितीला, माझ्या सहीने जाईल. हा माझा आपल्याला शब्द.

आपली विद्यार्थिनी,
वैजयंती

नेरूळ टपाल कार्यालयातून रजिस्टर पोस्टाने रवाना,
मंगळवार, दि. २० जानेवारी १९९८, सकाळी साडेदहा.