मास्तरची गाडी

सर, तुमची मोटरसायकल अजून माझ्याकडे आहे. चालते, असं म्हणता येईल. थंडीत तिला सुरू करायला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात शेजारचा माणूस अंघोळ उरकून, डबा घेऊन, नव्या गाडीवर बसून निघून जातो आणि जाता जाता हसतो. बायको म्हणते, "विका की हो ते धूड. भंगारवालासुद्धा आपल्या दारावरून आवाज न देता जातो आता." मी विकत नाही. तिला वाटतं सरांची आठवण म्हणून. गल्लीलाही तसंच वाटतं, आणि गुरुभक्त म्हणून माझी थोडीफार इज्जत आहे ती त्या गाडीमुळेच. खरी गोष्ट अशी आहे की ती गाडी मी आठवण म्हणून ठेवलेली नाही, पुरावा म्हणून ठेवली आहे. कशाचा पुरावा, हे मात्र तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ठरलेलं नाही. आपला जिल्हा वेगळा झाला तोही तुमच्या मागे. तुम्ही सगळ्या गोष्टींसाठी परभणीच्या नावाने बोटं मोडायचात, आम्ही आता हिंगोलीच्या नावाने मोडतो. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

मला पुसेगावच्या शाळेत नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. हिंगोलीहून एसटी होती, पण ती तिच्या मर्जीने यायची आणि हेडमास्तर घड्याळाच्या मर्जीने लाल रेघ मारायचे. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती आणि जुनी घ्यायची अक्कल नव्हती. त्या काळी जुन्या गाड्यांच्या बाजारात एक शब्द फार चाले: मास्तरची गाडी. डॉक्टरची गाडी लोक घेत नसत, ती अपरात्री खड्ड्यांतून पळालेली. पुढाऱ्याची तर कोणीही उचलून नेलेली. मास्तरची गाडी म्हणजे घर ते शाळा, शाळा ते घर, एका हातची, रविवारी धुतलेली, सख्ख्या भावालाही न दिलेली. दलालांच्या शपथा खऱ्या मानल्या असत्या तर आपल्या भागात मास्तरांपेक्षा मास्तरांच्या गाड्याच जास्त निघाल्या असत्या. म्हणून मी दलालांकडे फिरकलोच नाही. तुम्ही गाडी काढणार असं कानावर आलं आणि मी सरळ औंढ्याला तुमच्या दारात हजर झालो. खरा मास्तर, खरी गाडी, आणि मास्तरही असा की ज्याने मला भूमिती शिकवली होती.

गाडी अंगणात लिंबाखाली उभी आहे. पुसून लख्ख. टाकीवर 'नागनाथ प्रसन्न' असं मोठं स्टिकर. काकू चहा आणतात. तुम्ही खुर्चीत बसून गाडीकडे न बघता सांगता, "मीटर बंद आहे. पण चाललेली कितीशी? घर ते शाळा." मी म्हणतो, "हो सर." तुम्ही म्हणता, "चक्कर मारून ये एक. देवळापर्यंत जाऊन ये." आणि मी, ज्याने भाजीवालीकडची काकडीही मोडून बघितल्याशिवाय घेतली नाही, दोन्ही हात जोडून म्हणतो, "सर, तुमच्या गाडीची काय ट्रायल घ्यायची!" काकूंना हसू आलं. तुम्हाला आलं नाही. ते न आलेलं हसू मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं असेल! लबाड माणूस चक्कर मारून ये म्हणेल का? आणि पक्का लबाड असेल तर म्हणणार नाही का? निघताना तुम्ही आतून एक कापडी पिशवी आणून दिलीत. तीत पाने, प्लग, आणि क्लचची एक नवी वायर. "असू दे जवळ," म्हणालात. मी पाया पडलो. पुढे बायको म्हणाली, "सासऱ्याने लग्नात पोरीबरोबर डॉक्टर पाठवला असता तर तुम्हाला शंका आली नसती का?" तिचं बरोबर होतं. पण ती तेव्हा माझ्या आयुष्यात यायची होती.

पहिल्या महिन्यात गाडी चार गावांच्या वेशीवर थांबली. मी हिंगोलीत एका चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा हा फार संशयी माणूस. समोर कोणतीही गाडी आली की आधी तिच्याभोवती फिरायचे, जसे पोलीस पंचनाम्याला आलेत. त्यांनी मागच्या सीटवर तळहात दाबला, मागचे शॉकअप हलवले, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, गाडी कुनाकून घेतली?"

"आमच्या सरांकडून."

"सर दूध इकत होते काय?"

मी चिडलो. "चाचा, तोंड सांभाळून बोला. गणित शिकवायचे ते."

"मी कुटं म्हनलो न्हाई शिकवत? बराबर शिकवत असतीन. पन ही गाडी दुधाची हाय." त्यांनी सीट काढली. सीटखाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी जोड मारलेला होता आणि त्यावर काळा रंग. "हे बगा. कॅना लटकून लटकून मोडली. मानूस कितीबी जाड असू द्या, अशी मोडत न्हाई. आन् हितं," असं म्हणून त्यांनी कॅरिअरच्या सांध्यातून पांढरट खपली नखाने काढून मला हुंगायला दिली. आंबूस वास होता. इंजिन खोललं तेव्हा बोअर झिजून गेलेला, आणि धूर दिसू नये म्हणून आत काकवीसारखं घट्ट ऑईल. शेवटी 'नागनाथ प्रसन्न' सोलून काढलं तर खाली टाकी चेपलेली. चाचांनी कानाला हात लावले. "देवाला बी कामाला लावलं जी!"

इंजिन बसवून घेतलं, चासीला नवा जोड न मारता जुनाच राहू दिला, कारण चाचा म्हणाले, "जोड मारनारा कारागीर हाय. जवळा बाजारचा हात वाटतो. तिथला मिस्त्री असाच दुहेरी मारतो." मी घरी येऊन विचार करत बसलो. औंढ्यात गॅरेज असताना गाडी दुसऱ्या गावी, जवळा बाजारला, का गेली? कोणाला तरी औंढ्यात कळू द्यायचं नव्हतं म्हणून. कोणाला? ते जवळा बाजारच्या मिस्त्रीलाच विचारावं म्हणून मी एका बाजाराच्या दिवशी गेलोही, तर दुकानाला कुलूप. मिस्त्री पोराकडे पुण्याला गेलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग मला का नाही विचारलंस? सर, तुम्हाला विचारता आलं असतं तर मी ट्रायल नसती घेतली? नववीत मी एक सिद्धता लिहिली होती. उत्तर बरोबर होतं. तुम्ही वही वर धरून सगळ्या वर्गाला म्हणालात, "याला उत्तर सापडलंय, पण माहीत नाहीये. हा अंदाजाने घरी पोचलेला माणूस आहे." आणि तास संपेपर्यंत बाहेर उभं केलंत. अशा माणसासमोर नुसता अंदाज घेऊन कसं जायचं? मग आपण भेटायचो ते असे. औंढ्याला देवळासमोर, किंवा एखाद्या लग्नात. तुम्ही विचारायचात, "कशी चालते गाडी?" मी म्हणायचो, "मस्त चालते सर." तुम्ही मान डोलवायचात. मी तुमचा चेहरा बघत राहायचो. त्यावर काहीच नसायचं. इतकं काहीच नसणं माझ्या संशयाला पुरेसं होतं.

जे तोंडाने बोलता आलं नाही ते मी लिहून काढलं. आपल्या इथल्या साप्ताहिकात माझा तो पहिलाच लेख. एक थोर, सचोटीचा, गावाने पाया पडावं असा माणूस. वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवतो आणि पहाटे दुधाच्या कॅना लावून निघतो. मग गाडीवर देवाचं चित्र चिकटवून ती आपल्याच चेल्याच्या गळ्यात घालतो. नाव नव्हतं, गाव नव्हतं, गणिताच्या जागी मी संस्कृत केलं होतं. लोक खूश झाले. एसटीत अनोळखी माणसाने मला सांगितलं, "काय हाणलाय राव तुमी! आमच्याकडं बी आहे असलंच एक." तेव्हा कळलं की असलंच एक प्रत्येकाकडे आहे. संपादक म्हणाले, दर आठवड्याला लिहा. मी लिहू लागलो. लख्ख दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीखालचं चेपलेलं पत्र्याचं अंग दाखवायचं, हा माझा धंदाच झाला. सत्कार, ट्रस्ट, उपोषणं, भागवत सप्ताह, कोणालाही सोडलं नाही. तालुक्यातली भली माणसं मला पाहून रस्ता बदलू लागली आणि मला वाटलं, आपण कोणीतरी झालो.

तो पहिला लेख तुम्ही वाचलात. देवळासमोरच भेटलात. साप्ताहिकाचं भेंडोळं काखेत होतं. म्हणालात, "छान लिहिलंयस. भाषा चांगली आहे तुझी." मग माझ्याकडे सरळ बघून विचारलंत, "कोण रे तो माणूस?"

मी म्हणालो, "काल्पनिक आहे सर."

"असं होय," म्हणालात. आणि चपला शोधू लागलात. त्या दिवशी तुम्ही गाडीबद्दल विचारलं नाहीत. त्यानंतर कधीच विचारलं नाहीत. फार भेटीही झाल्या नाहीत म्हणा, वर्षभरात तुम्ही गेलातच. ते "कोण रे तो माणूस" मी शंभर प्रकारांनी म्हणून पाहिलं आहे. भोळेपणाने म्हटलं तर बसतं. सुरी फिरवल्यासारखं म्हटलं तरी बसतं.

तेराव्याला मी आलो होतो. काकू ओसरीवर बसल्या होत्या, आल्या-गेल्याला तुमचंच सांगत होत्या. माझी गाडी दारात पाहून म्हणाल्या, "सरांचा लई जीव होता तिच्यावर. दुसऱ्याला हात लावू देत नव्हते." मग तुमच्या भाच्याचा विषय निघाला. तो तुमच्याकडे राहून शिकला, मला माहीत होतं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "ते पोरगं कसं, पहाटेच उठायचं. आमी झोपेत असू. तालमीला जायचं, आन् सर अंघोळ करून निघायच्या आत घरी. कधी खर्चायला मागितलं न्हाई बघा लेकरानं मामाला." पहाटे उठणारा, खर्चायला न मागणारा मुलगा. औंढ्याच्या पेढेवाल्यांना पहाटे दूध लागतं. गाडी दारात उभी. मी गडबडीने दुसरी बाजू उभी केली: पण पेट्रोल? गणिताच्या माणसाला पेट्रोल कमी झालेलं कळत नाही? मग लगेच वाटलं, पोरगा हुशार असेल तर पेट्रोल भरूनच ठेवील. भाच्याला विचारता आलं असतं. पण तो तोवर पुढारी व्हायला लागला होता, आणि आता तर झालाच आहे. तो खरं बोलला तरी मला पटणार नाही.

तर इतकी वर्षं गोष्ट एवढ्यावरच आहे. चासी मोडल्यावर गाडी जवळा बाजारला कोण घेऊन गेलं? तुम्ही गेला असाल तर तुम्हाला सगळं माहीत होतं आणि माझा लेख खरा. भाचा गेला असेल तर तुम्ही घर ते शाळा म्हणालात ते तुमच्या लेखी खरंच होतं, आणि मी एका सरळ माणसाला छापून त्याच्याच हातात वाचायला दिलं.

परवा मी जवळा बाजारला गेलो होतो. सोयाबीनच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, म्हणून एका हॉटेलापुढे थांबलो. बाकावर एक म्हातारा बसला होता. डोळ्याला जाड भिंग. तो उठून गाडीजवळ आला, वाकला, सीटखाली हात घालून चासी चाचपू लागला. मी म्हणालो, "काय शोधून राहिले बाबा?"

"ही औंढ्याच्या सरांची न्हव का?"

"व्हय."

"मंग बराबर." त्याने जोडावर अंगठा फिरवला, जसं लेकराच्या पाठीवरून फिरवावा. "मह्या हातचा हाय ह्यो. पुन्याहून आलो वापस, म्हनलं गेली असंल भंगारात. टिकला की! तुमी सरांचे कोन?"

"विद्यार्थी."

"सर गेले म्हनं. मोठा मानूस." मग तो हसला. तोंडात दात नव्हते. "ह्या जोडाची बी गंमतच हाय. काम झाल्यावर मला बजावलं व्हतं, कुनाला सांगू नगं. आता काय, गेलं ते समदं. सांगू का कोन घेऊन आलतं?"

सर, माझ्या आयुष्यात कोणी "सांगू का" म्हटल्यावर मी "नको" म्हटलेलं नाही. माझं लिहिणं त्याच्यावर चालतं. आणि तिथे मी काय केलं, तर किक मारली. ती नेमकी लागली. मी रेस वाढवली. तुमच्या गाडीचा आवाज तुम्हाला माहीत आहे, आता तर मळणी यंत्राइतका आहे. म्हातारा बोलत होता, त्याचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते. मी हसून मान डोलवली, हात केला आणि सोयाबीनच्या गाड्यांमधून वाट काढत निघालो. औंढा येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

हे टपालात टाकत नाही. तुमच्या घरी अजून काकू आहेत, चष्मा लावून आलेला प्रत्येक कागद वाचतात. पण लिहायला बसलोच आहे तर एवढं लिहून ठेवतो. तुम्ही लबाड निघाल याची मला त्या हॉटेलापुढे भीती वाटली नाही, सर. लबाड निघालात तर मी तुम्हाला माफ करायला केव्हाचा तयार आहे, इतक्या वर्षांत ते भाषण पाठही झालंय. भीती वाटली ती तुम्ही सरळ निघाल याची.